वीतभर जागा

या, असे जवळ सरका. मागचे, तुम्हीही या. भिंतीला टेकून बसलं की अशी गोष्ट अर्धीच पोचते. ही देवाची कथा नव्हे, तरी ऐकून उठताना हात आपोआप जोडले जातील, एवढा शब्द देतो. घडली ती श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात, बहात्तरच्या दुष्काळात. आणि खरं सांगायचं तर तिचा बराचसा भाग एका बुटक्या माणसाच्या मनातच घडला. कारखाना कोणता ते विचारू नका. त्याचा भोंगा झाला की चार कोसांवरची बाई भाकरी थापायला बसायची, एवढी ओळख पुरे.

माणसाचं नाव गहिनीनाथ. वय अठ्ठावीस, उंची चार फूट दहा इंच. पुण्याला सहा महिन्यांचं शिक्षण घेऊन तो कामाचा अभ्यास करणारा साहेब म्हणून इथं लागला होता. गळ्यात थांबवता येणारं घड्याळ, बगलेत कागद लावलेली फळी, कानावर पेन्सिल. कोण किती पावलं चालतो, किती वेळ नुसता उभा राहतो, एकच वस्तू किती वेळा उचलून किती वेळा खाली ठेवतो, हे तो मोजायचा आणि त्यातलं फुकट गेलेलं लाल पेन्सिलीनं वेगळं काढायचा. बारदानाच्या शेडमधल्या अकरा बायकांनी त्याचं नाव ‘सेकंदसायेब’ ठेवलं होतं. "अगं, जांभई दाब की, सायेब लिव्हून घेतील," असं एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी पदरात हसायचं. त्याला राग यायचा नाही. लहानपणापासून लोक त्याच्या डोक्यावरूनच बोलत आले होते. त्याची त्याला सवय होती, जशी पायाला चुकीच्या मापाच्या वहाणेची होते.

गुरुवारी दुपारी तो शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडचा फळा घेऊन बसला. या फळ्यावर शेडचा नकाशा काढलेला होता, फुटाला एक इंच अशा मापानं. जिथं बायका बसून उसवलेली पोती शिवतात तिथं खिळे, जिथं थप्पी लागते तिथं खिळा, पलीकडच्या टोकाला मोजणीचं टेबल होतं तिथंही खिळा. बाई गठ्ठा डोक्यावर घेऊन निघाली की तिच्या वाटेनं पांढरा दोरा फिरवायचा, वळली तिथं टाचणी टोचायची. दिवस संपला की दोऱ्याची लांबी म्हणजे चालणं. सोपं काम, पोरीबाळींच्या गजग्यांइतकं सोपं. सकाळपासून त्यानं अकरा जणींचा दोरा फिरवला होता, मान अवघडली होती, आणि पाणी पिऊन परत येताना त्यानं फळ्याकडे पहिल्यांदा लांबून पाहिलं. दोऱ्याच्या त्या दाट पांढऱ्या पुंजक्याच्या बरोबर मधोमध एक जागा कोरी होती. लांबट. एका टोकाला थोडी गोल, दुसऱ्या टोकाला निमुळती. सगळे दोरे तिच्या कडेनं वळसा घालून पुढं जात होते, ओढ्याचं पाणी दगडाला घालतं तसा. त्यानं शेडमध्ये त्या ठिकाणी पाहिलं. दगड नव्हता. खांब नव्हता, गटार नव्हतं, काही म्हणजे काही नव्हतं. रिकामी फरशी, आणि पत्र्याच्या एका भोकातून तिच्यावर पडलेला रुपयाएवढा उजेड.

"श्रीमंत," त्यानं मुकादमाला हाक मारली, "तिथं काय आहे?"

"कुठं?"

"ते, मधे."

"काय न्हाई की, सायेब."

"मग सगळ्या वळसा का घालतात?"

"कसला वळसा?" श्रीमंत मुकादम पोट सावरत हसला. "सरळच तर जात्यात. ह्ये बघा." आणि तो थप्पीपासून टेबलापर्यंत चालत गेला. गहिनीनाथनं त्याची पावलं पाहिली. मधे आल्यावर श्रीमंतचा डावा पाय आपल्या आपण बाहेर पडला, मग उजवा, मग तो पुन्हा रेषेवर आला. "बघितलं? सरळ," टेबलाशी पोचून तो म्हणाला.

 गहिनीनाथच्या मानेवरचे केस उभे राहिले होते. वाकून पाहावं म्हणून तो कडेला बसला, तर साखरेच्या कारखान्यात जिकडे तिकडे असते तशी मुंग्यांची एक रांग तिथून चालली होती. तीही त्या जागेच्या कडेनं वळली होती. फरशीवर वळशाची एक चकचकीत वाट पडली होती, पावलांनी गुळगुळीत झालेली, देवळाच्या उंबऱ्यासारखी. आतली फरशी मात्र बसवली त्या दिवसाइतकी खरखरीत. तिच्यावर धूळ नव्हती. म्हणजे पाय पडत नव्हता, पण कुणीतरी ती पुसत होतं.

हिशेब साधा होता. एका फेरीला सात पावलं जास्त, दिवसाला अकरा जणींच्या मिळून चारशे फेऱ्या. म्हणजे रोज एक मैल या शेडमध्ये कुणीतरी कशाच्याही भोवती चालत नव्हतं, आणि तरी चालत होतं. मॅनेजरनं सोमवारी बोलावून सांगितलं होतं, "यंदा ऊस निम्म्यावर आलाय. शेडमध्ये अकरा बायका कशाला? मला दोन नावं द्या. शनिवारी दुपारी रिपोर्ट टेबलावर पाहिजे. तुमच्या कायम होण्याचा कागदही त्याच दिवशी निघेल." मोजणीचं टेबल जवळ आणलं, वळसा काढला, की दोन बायकांचं काम खरंच उरत नव्हतं. आणि यादीत पहिलं नाव आपोआप येत होतं ते रंगुबाईचं. सगळ्यांत म्हातारी ती, आणि सगळ्यांत रुंद वळसा तिचाच. फाटकाबाहेर रोज सकाळी शेवगावकडची, पाथर्डीकडची माणसं बायकापोरांसकट कामासाठी बसलेली असत. आत असलेली एकदा बाहेर गेली की परत आत येत नसे.

शुक्रवारी सकाळी टाचण्यांचा डबा शोधताना त्याला कचेरीतल्या कपाटामागं दुसरा एक फळा सापडला. कोळिष्टकांनी भरलेला. पाठीवर निळ्या शाईत ‘१९५४, बारदान शेड’. कारखाना तेव्हा खाजगी मालकाचा होता. मुंबईहून कुणी एंजिनिअर आला असेल, त्यानंही असंच मोजलं असेल, आणि मोजून निघून गेला असेल. दोरा पिवळा पडला होता, पण सुटला नव्हता. मधोमध तीच कोरी जागा होती. गहिनीनाथनं पट्टी लावली. सव्वाचार इंच. म्हणजे सव्वाचार फूट. मग कालच्या फळ्यावर लावली. साडेपाच. त्यानं पुन्हा लावली. साडेपाचच. मधल्या अठरा वर्षांत शेडच्या भिंती जिथल्या तिथं होत्या, थप्पी जिथल्या तिथं, आणि ते जे काही नव्हतं ते सव्वा फुटानं वाढलं होतं.

खुर्चीवर बसल्यावर त्याचे पाय नेहमीसारखे जमिनीपासून चार बोटं वर राहिले आणि त्या लोंबत्या पायांकडे बघता बघता त्याला आईची आठवण आली. मनकर्णा. नगरला एका बोर्डिंगात पोरांच्या पोळ्या लाटून तिनं त्याला वाढवला. वाढवला म्हणजे शिकवला, कारण वाढण्याचं काही जमलं नाही. दर पाडव्याला ती त्याला दाराच्या चौकटीशी उभा करायची, डोक्यावर पाटी आडवी धरून खडूची रेघ ओढायची. दहाव्या वर्षापर्यंत रेघा वर चढत गेल्या, मग एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. एकीवर एक, एकीवर एक, शेवटी चौकटीवर नुसता एक जाड पांढरा पट्टा झाला. "तुला कुणीतरी ओलांडलंय रे," ती म्हणायची. निजलेल्या लेकराला ओलांडू नये, त्याची वाढ तिथंच थांबते. चुकून ओलांडलंच तर त्याच माणसानं आल्या वाटेनं परत ओलांडावं म्हणजे ते फिटतं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. "कुणी ओलांडलं?" तो विचारायचा. ती पाटी पुसत बसायची. ती गेली तेव्हाही तिनं ते नाव बरोबर नेलं. नवरा गेल्यावर काही दिवस कुठल्याशा कारखान्यात पोती शिवली, एवढं मात्र तिनं एकदा सांगितलं होतं. बोटांवरचे दाभणाचे वण दाखवून.

आणि ते स्वप्न. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वप्नात तो उताणा पडलेला असे, हलता येत नसे, आणि चोहोबाजूंनी पाय चालत असत. नुसते पाय, अनवाणी, जोडवी घातलेले, भेगाळलेले. त्याच्या कडेनं येत, त्याच्या कडेनं जात. कुणी तुडवत नसे, कुणी थांबतही नसे. वर खूप उंचावर एक उजेडाचा रुपया असे. जाग आल्यावर नाकात सुतळीचा वास राही. श्रीरामपुरात खोली घेतल्यापासून हे स्वप्न रोज पडायला लागलं होतं.

एकादशीला तो देवळात कीर्तनाला गेला होता तेव्हा खिशात घड्याळ तसंच राहिलं होतं. बुवांनी ध्रुपद धरलं, आख्यानात गेले, परत ध्रुपदावर आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. त्याच्या अंगठ्यानं त्याच्या नकळत कळ दाबली. अकरा वेळा तीच ओळ. दहा वेळा फुकट, असं मनात आलं आणि त्याला इतकी लाज वाटली की त्यानं घड्याळ मुठीत आवळून बंद केलं. कारण अकराव्या वेळी टाळ थांबले तेव्हा शेजारचा कडक इस्त्रीतला कंडक्टर रडत होता. पहिल्या वेळी तो रडला नव्हता. मग कुठली ओळ फुकट गेली? बुवा कशाभोवती फिरत होते? त्या फेऱ्यांच्या मधोमधही एक कोरी जागा होती, आणि सगळ्या मंडपाला ती दिसत होती.

शुक्रवारीच, जेवणाच्या सुट्टीत, बायका बाहेर लिंबाखाली भाकरी सोडून बसल्या तेव्हा तो एकटा शेडमध्ये गेला. पत्रा तापून टकटक वाजत होता. सरळ चालायचं त्यानं ठरवलं. थप्पीपासून टेबलाकडे, नाकासमोर. मधे आला आणि पाय बाहेर पडला. परत गेला, परत आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं खाली बघत एकेक पाऊल टाकलं, कडेशी थांबला, आणि जसा विहिरीत पाय सोडावा तसा पाय आत ठेवला. फरशी गार होती. एवढ्या उन्हात तिथली फरशी गार होती. मग त्यानं असं काही केलं की जे पुण्याच्या शिक्षणात कुठल्याच कागदावर नव्हतं. घड्याळ काढून बाजूला ठेवलं, आणि तो तिथं उताणा झाला. सुतळीचा वास. खूप उंचावर उजेडाचा रुपया. हलावंसं वाटेना. आपण आत्ता निजलो की कधीचे निजलेलोच आहोत, हे त्याला नीट सांगता आलं नसतं.

"सायेब, उठा तिथनं."

रंगुबाई दारात उभी होती. हातात ओलं फडकं. आवाज असा की जणू चुलीत पोराचा हात गेलाय.

"का?"

"उठा म्हनते ना! ती जागा कुनाची तरी हाय."

"कुणाची?"

ती जवळ आली, पण कडेशी थांबली. ती रागानं बघत होती, आणि तिचा राग हळूहळू ओसरून त्याच्या जागी भीती येत होती. "हसशीला तुमी," ती म्हणाली. "सत्तावीस वर्सं कुनाला बोलले न्हाई. बोलले असते तर ह्या मेल्या मुकादमानं तिथं टेबलच आनून ठिवलं असतं."

मग ती बोलली. फडकं पिळत, त्याच्याकडे न बघता. लढाई संपली त्या वर्षी इथं एक विधवा पोती शिवायला यायची. सव्वा वर्षाचं पोर हितंच पोत्यावर निजवायची. बाया त्याच्या कडेकडेनं जायच्या. एक दिवस थप्पी कलली. "माझ्या अंगावर येत हुती, सायेब. मी उडी मारली. जिवाच्या भ्यानं मारली. पोराच्या वरनं. थप्पी पडली पलीकडं, पोराला लागलं सुदीक न्हाई, निजूनच हुतं. पर त्याच्या आयनं बगितलं. मी म्हनलं, थांब गं बाई, मी उलटी ओलांडते, फिटून जाईल. तिनं पोराला जे छातीशी धरलं ते खाली ठिवंना. फाटकापत्तूर मागं पळाले. ‘ठेव गं खाली एकडाव.’ ठिवलं न्हाई. ती परत आलीच न्हाई. गाव ठाव न्हाई, काय न्हाई."

"म्हणून तुम्ही वळसा घालता."

"मग काय करू? माझा गोरक्ष त्याच्याच वयाचा. दर दिवाळीला गोरक्षला भित्तीशी उभा करायची, आनि तो जेवढा वाढला तेवढं हितं लांबनं जायाची. ते पोर वाडलं न्हाई तिकडं, तर हितं तरी वाडू दे. कुठंतरी वाडू दे." तिनं नाक पुसलं. "बाया माज्या मागनं येत्यात, डोक्यावर गठ्ठा, वरचं काय दिसत न्हाई, म्होरलीच्या टाचा बगून चालायचं. त्यांच्या मागनं आनिक येत्यात. गोरक्ष साडेपाच फूट झाला, पलटनीत गेला, तवा कुठं मी थांबले."

गहिनीनाथ पडूनच होता.  "तिचं नाव मनकर्णा होतं का?" तो म्हणाला.

लिंबाखालच्या बायकांचं हसणं ऐकू येत होतं, लांबून, दुसऱ्या गावातून यावं तसं. रंगुबाई गुडघ्यावर बसली. तिनं त्याच्या टाचा बघितल्या; त्या निमुळत्या टोकाशी बरोबर टेकल्या होत्या. मग तिची नजर वर सरकत गेली, गुडघे, कंबर, छाती, डोकं. आणि डोक्याच्या पलीकडं. तिथं गोल टोकापर्यंत खरखरीत फरशी शिल्लक होती. तिनं अंगठा आणि करंगळी ताणून ती मापली.

"वीतभर कमी पडलास रे, बाळा," ती म्हणाली.

"ओलांडा," तो म्हणाला. "उलट्या बाजूनं."

"आता? येवढ्या मोट्या मानसाला?"

"मी निजलोय तोवर."

ती उठली. लुगड्याचा ओचा वर खोचला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. देवाचं नाव असेल, मनकर्णेचंही असेल. मग थप्पीकडे तोंड करून, टेबलाच्या बाजूला पाठ करून, तिनं सत्तावीस वर्षांत जिथं पाय ठेवला नव्हता तिथं पाय उचलला. तिची सावली त्याच्या तोंडावरून गेली. एवढा वेळ लागला त्या एका पावलाला की घड्याळ चालू असतं तरी त्यात ते बसलं नसतं. पलीकडे पोचल्यावर ती खाली बसली आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. आणि तो उठून बसला तेव्हा त्याला थंडी वाजत होती.

शनिवारी रिपोर्ट टेबलावर होता. मॅनेजरनं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, मग तो बसला. मोजणीचं टेबल शेडच्या मधल्या मोकळ्या जागेवर आणावं, इथपर्यंत त्यानं मान डोलावली. यातून वाचलेल्या वेळात प्रत्येक पोत्याला दुहेरी टाका घालावा. एकेरी टाका उसवून गुदामात सांडणारी साखर आपण झाडून फेकतो, खरं फुकट जाणं ते आहे. म्हणून बायका अकराच लागतील, इथं त्याच्या कपाळाला आठी पडली. खाली सांडलेल्या साखरेचं एका दिवसाचं वजन लिहिलं होतं, म्हणून ती आठी कपाळावरच राहिली, बोलण्यात आली नाही. मग तो तक्त्यावर आला.

"‘वळशाचे कारण’," त्यानं मोठ्यानं वाचलं. "‘जागेवर मूल निजलेले असे.’ हे काय आहे? ‘उपाय: मूल उठले.’ गहिनीनाथ, हे काय आहे?"

"मोजून लिहिलंय, साहेब."

मॅनेजरनं चष्मा काढून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, डोक्यावरून नव्हे, सरळ. "साखरेचं पटलं," तो शेवटी म्हणाला. "बायका राहू देत. पण दोन नाही तर निदान एक माणूस मला कमी करायलाच हवा. वरती सांगितलंय मी." त्यानं दुसरा कागद, कायम करण्याचा, ड्रॉवरमध्ये परत सरकवला. गहिनीनाथला आश्चर्य वाटलं ते एवढंच, की आपल्याला धक्का बसला नाही.

निघायच्या दिवशी घड्याळ आणि फळा जमा करण्याआधी तो शेडमध्ये गेला. टेबल मधोमध आलं होतं. बायका गठ्ठे घेऊन सरळ त्याच्याशी येत होत्या, ठेवत होत्या, परत जात होत्या. "सेकंदसायेब, आता कुनाला मोजायला चालला?" एकीनं विचारलं. तो हसला. शेवटचा म्हणून त्यानं एक दोरा फिरवला, रंगुबाईचा. दोरा सरळ गेला, टेबलाच्या कडेला लागला, आणि टेबल संपून त्या जुन्या कोऱ्या जागेचं गोल टोक सुरू होतं तिथं हलकासा वळला. फार नाही. वीतभर. त्यानं मान वर केली. तिच्या मागची बाई तिथंच वळली, तिच्या मागचीही. खाली मुंग्याही वळल्या.

"आता काय राहिलं, रंगुबाई?" त्यानं हळूच विचारलं. "फिटलं ना?"

"फिटलं रे," ती गठ्ठा सावरत म्हणाली. "पर तेवढं अजून वाडायचं हाय."

तर मंडळी, तो पुढं कुठं गेला ते मला ठाऊक नाही. उंची वाढली का, तेही विचारू नका. माझं मागणं थोडकं आहे. कधी चालता चालता तुमचा पाय काहीच नसलेल्या जागेवरून बाजूला पडला, तर हसू नका, सरळ करू नका, आणि ती पावलं फुकट गेली म्हणून मोजू नका. एवढी एक वीत जागा सोडा, आणि रंगुबाईची आठवण काढा.